पागोळीचे शुक्रवार

मळवली स्टेशनात उतरून पागोळी बंगला कुठे म्हणून विचारलं, की लोक रस्ता सांगायच्या आधी रज्जाकभाऊचं नाव घ्यायचे. रज्जाक मुलाणी, त्या बंगल्याचा राखणदार. नाकासमोर चालणारा माणूस. शेजारच्या झाडाचा आंबा आपल्या बाजूला पडला, तर तो उचलून परत कुंपणावर ठेवून यायचा आणि वर शेजाऱ्याला हाक मारून सांगायचा. त्याची बायको अकबरी यावरून त्याची थट्टा करायची. या माणसाला चोरी करायला नेलं तर हा आधी घरमालकाला उठवील, म्हणायची.

बंगला सबनीस बाईंचा. बाई पुण्यात शाळेत शिकवायच्या. शुक्रवार मावळायच्या सुमाराला त्यांची गाडी मळवलीत यायची आणि रविवारी जेवणं झाली की परत जायची. आधी फोन नाही, निरोप नाही. "रज्जाकभाऊ, शुक्रवारी घर तयार ठेवत जा, आम्ही कधीही येऊ," एवढं त्यांनी एकदा सांगून ठेवलं होतं. रज्जाकने ते शब्द गाठीला बांधले. जुम्म्याची नमाज आटपली की तो लोणावळ्याहून थेट बंगल्यावर यायचा. खिडक्या उघडायच्या, गाद्या हीटरपुढे उभ्या करायच्या, फ्रिज चालू, गीझर चालू, खोल्याखोल्यांत दिवा. मावळातला पावसाळा ज्याने काढलाय त्याला बंद घर म्हणजे काय ते सांगायला नको. आठ दिवस दार उघडलं नाही, तर चपलांना बुरशीच्या मिशा फुटतात. पण बाईंनी कधीही यावं आणि कोरड्या गादीवर पाठ टेकावी, असं ते घर असायचं.

रज्जाकची पोरगी अरफा याच बंगल्याच्या व्हरांड्यात लहानाची मोठी झाली. बाई तिला शनिवारी सकाळी समोर बसवून इंग्रजी वाचायला लावत. आठवीत गेल्यावर बाईंनी आपला जुना कॉम्प्युटर तिला दिला. तो आउटहाउसात ठेवला आणि त्यावर अकबरीने आपल्या निकाहातली ओढणी घातली. गावातल्या बायका तो बघायला यायच्या. रज्जाक त्याला हात लावायचा नाही. लांबूनच म्हणायचा, बाईंचा हाय, जपून वापर.

पुढे बाई थकल्या. आधी महिन्यातून एकदा यायला लागल्या, मग येईनाशाच झाल्या. फोन लावला की कुणी दुसरीच बाई उचलायची आणि त्या झोपल्यात म्हणून सांगायची. मग तो नंबरही लागेना. त्याच सुमारास अकबरी गेली. अरफा शिकायला म्हणून मामाकडे लोणावळ्याला होती, ती तिथेच राहिली. बाईंचा मुलगा सत्यम, त्याला मळवलीची ओढ नव्हती. त्याने बंगला एका कंपनीच्या ताब्यात दिला. लोणावळ्यात ऑफिस असलेली, लोकांचे बंगले सांभाळणारी कंपनी. बाकीचे बंगले ती पर्यटकांना भाड्याने द्यायची. पागोळी मात्र भाड्याने द्यायचा नाही, नुसता राखायचा, असं ठरलं. रज्जाक होता तिथेच राहिला, फक्त आता तो बाईंचा नव्हे तर कंपनीचा माणूस झाला. कंपनीने त्याला सांगितलं, साफसफाई करा, कुलूप लावा. शुक्रवारचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. का सांगतील? कुणाला ठाऊकच नव्हतं.

आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच कंपनीत अरफाला नोकरी लागली. तळेगावला तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, बाकीचं व्हिडिओ बघून बघून शिकली होती. पोरगी हुशार, आणि हुशारीचा गर्वही नाही. ऑफिसच्या प्रतीक्षा मॅडम तिच्यावर खूश होत्या. एकच कटकट होती. बंगल्यांची गर्दी शनिवार-रविवार, म्हणून सुट्टी मिळायची मंगळवारी. मंगळवारी ती मळवलीला जायची, बापाच्या हातची भाकरी खायची, त्याचे कपडे धुऊन टाकायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. शुक्रवार-शनिवार तिने कित्येक वर्षांत मळवलीत काढला नव्हता; बाई येईनाशा झाल्या तेव्हाच शुक्रवारची ती तयारीही थांबली, असं ती धरून चालली होती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

कंपनीने बंगल्याबंगल्यांत विजेच्या मीटरशेजारी एकेक डबी बसवली. कुठल्या तासाला किती वीज गेली ते डबी डेटाबेसला कळवणार. बुकिंगही त्याच डेटाबेसात. पण डेटाबेस म्हणजे नुसतं कोंबून भरलेलं कपाट. त्यात डोकं घालून बसायला कुणाला वेळ आहे? प्रतीक्षा मॅडमनी अरफाला बोलावून सांगितलं की एक साधं वेब ॲप कर, लिंक उघडली की मालकाला आपल्या बंगल्याची वीज चित्रात दिसली पाहिजे, मोबाइलवर. आणि घर रिकामं असताना वीज जळली असेल तर ते डोळ्यांत भरलं पाहिजे. राखणदार लोक चोरून गिऱ्हाइकं उतरवतात अशा तक्रारी होत्या, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

लोकांना वाटतं, ॲप म्हणजे काहीतरी करणी. करणी कसली, निवडणं-टिपणं आहे ते. अरफाने आधी आपला प्रोग्रॅम डेटाबेसला जोडला. डेटाबेस पासवर्ड मागून मागून तिला दोन दिवस दारातच अडवत राहिला, तरी ती हटली नाही. मग विजेचा तक्ता आणि बुकिंगचा तक्ता तारखेला तारीख लावून एकत्र केले. मग त्याच्या पट्ट्या काढल्या, एका दिवसाची एक उभी पट्टी. पाहुणे होते तो दिवस निळा. रिकामा दिवस हिरवा. रिकामं असूनही वीज ओढली, तो दिवस लाल. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून मळवलीची माणसं बंद कपाटात बल्ब जळता ठेवतात, हे तिला जन्मापासून ठाऊक. तेवढी वीज तिने धरलीच नाही. त्याच्या वर गेलं तरच लाल, अशी अट घातली. प्रतीक्षा मॅडमना हे सुचलंच नसतं. अरफाला आपलं आपल्यालाच बरं वाटलं. पान पहिल्यांदा उघडलं आणि आकड्यांच्या त्या ढिगातून रंगीत पट्ट्या उभ्या राहिल्या, तेव्हा ती खुर्चीत बसल्या बसल्या हसली.

करून बघायला म्हणून तिने पागोळीच निवडला. आपलं घर, त्याचं चित्र ठाऊक. सगळं हिरवं येणार, म्हणजे हिशेब बरोबर की चूक ते लगेच कळणार. पान उघडलं. सोमवार ते गुरुवार हिरवे. शुक्रवार लाल. शनिवार लाल. रविवारही लाल, फक्त पट्टी निम्मी. मागचा आठवडा तसाच, त्याच्या मागचा तसाच. डबी बसवल्यापासून एकही शुक्रवार सुटला नव्हता.

तिला आधी वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा पुन्हा तपासलं. चुकलं नव्हतं. कपाटातला बल्ब एवढी वीज ओढत नाही. गीझर ओढतो, हीटर ओढतो. आणि नेमके शनिवार-रविवार! भुशीच्या धरणावर भिजायला आलेली पोरं रात्रीपुरती खोली शोधत हिंडत असतात, हे लोणावळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तिथेच कार्ल्याच्या वाटेवर महिपती नावाचा कंपनीचाच एक राखणदार होता, तो तर उघड उघड अशी पोरं उतरवायचा. गंमत म्हणजे त्याच्या बंगल्याच्या पट्ट्याच येत नव्हत्या. डबीची वायर उंदराने खाल्ली, असं तो दर वेळी सांगायचा, आणि उंदीरही असा गुणी की नवी वायर बसवली की दुसऱ्याच दिवशी हजर.

अब्बा? आपला अब्बा?

आता इथे कुणीही म्हणेल, अगं बाई, फोन उचल आणि विचार की. सरळ विचार, अब्बा, शुक्रवारी बंगल्यात काय चालतं? एका वाक्याचं काम. पण मुलाण्यांच्या घरात बापाला असं विचारायची रीत नव्हती. बाप बोलेल ते ऐकायचं. बापाला जाब विचारणं म्हणजे त्याच्या दाढीला हात घालणं. आणि खरं सांगायचं तर तिला उत्तराचीच भीती वाटत होती. तिच्या मनाने तोवर सुतावरून स्वर्ग गाठला होता. आपल्या लग्नासाठी करत असेल. एकटा पडलाय, कुणाच्या तरी नादी लागला असेल. महिपतीनेच शिकवलं असेल. प्रत्येक विचारागणिक तिला स्वतःची शरम वाटायची, आणि तरी पुढचा विचार यायचाच.

ती पट्टी पुसून टाकणं तिच्या हातात होतं. पागोळी वगळ, अशी एक ओळ लिहिली की झालं. लिहायला बसलीसुद्धा. पण ज्या माणसाने आंबा कुंपणावर ठेवायला शिकवलं, त्याच्याचसाठी लबाडी करायची, हे तिच्याच्याने होईना. मग तिने आपल्या लोकांत करतात तेच केलं. आडून सुचवायचं ठरवलं.

मंगळवारी ती गेली. रज्जाकने तिच्यासाठी सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवताना तिने बापाकडे न बघता सांगितलं की अब्बा, आता बंगल्याबंगल्यांत डब्या लावल्यात, मी त्याचं एक ॲप केलंय, कुठल्या घरात कधी दिवा लागला, कधी गीझर लागला, सगळं दिसतं. सबनिसांनासुद्धा पुण्यात बसून दिसणार.

रज्जाकने घास हातात तसाच धरला.

"पुन्यात बसून दिसंल?"

"दिसेल. सगळं दिसेल, अब्बा."

"दिसू दे की," तो म्हणाला. "लय बरं झालं."

आणि खाली मान घालून तो हसला. अरफाला ते हसू कोडगं वाटलं. पोरीने एवढं तोंड उघडून सुचवलं, आणि हा हसतो! तिने ताटात हात धुतला. काम आहे म्हणून लवकर निघाली. रज्जाक तिला स्टेशनापर्यंत सोडायला आला, वाटेत दोनदा विचारलं की त्या चित्रात व्हरांड्याचा दिवापण कळतो का. कळतो, ती तुटकपणे म्हणाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी पागोळीची पट्टी आणखी उंच झाली. शनिवारची त्याहून उंच. अरफा पडद्याकडे बघत राहिली आणि तिला रडू यायच्या ऐवजी राग आला. सांगूनसवरून! वर जास्त! तिने मनाशी म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. त्या दिवशी प्रतीक्षा मॅडमनी विचारलं, झालं का गं तयार, आणि तिने झालं म्हणून सांगितलं. लिंक मालकांच्या ग्रुपवर गेली. लाल पट्टी तशीच ठेवून.

सत्यम सबनीस दोनच दिवसांनी पुण्याहून आला. त्याला दोष कसा द्यावा, त्याच्या मोबाइलवर जे दिसलं त्यावरून कुणीही तसाच आला असता. प्रतीक्षा मॅडम आल्या, आणि पट्ट्या समजावून सांगायला म्हणून अरफालाही लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. तुझेच वडील आहेत, तू असलेली बरी, असं त्या म्हणाल्या. अरफा गाडीत मागे बसली. मळवली येईपर्यंत तिने खिडकीबाहेर बघितलं नाही.

रज्जाक फाटकात उभा होता. धुतलेला सदरा घातला होता. गाडी बघून त्याचा चेहरा असा उजळला की अरफाने नजर वळवली. सत्यम उतरला, तसा रज्जाकने आधी मागच्या सीटवर वाकून बघितलं, मग विचारलं, "बाई न्हाई आल्या? त्यांनी बगितलं का मोबाइलवर?"

सत्यमने त्याला बसायला सांगितलं नाही. तो व्हरांड्यात उभा राहूनच बोलला. शुक्रवार, शनिवार कोण राहतं इथे, किती दिवसांपासून, आणि कुणाच्या परवानगीने. आवाज चढवला नाही. शिकलेल्या माणसाचा थंड आवाज. त्यापेक्षा शिवी बरी.

रज्जाकला प्रश्नच कळला नाही. "कोन न्हाई राहत," तो म्हणाला. "म्याच दिवं लावतो. शुक्रवार अस्तोय ना. बाई कवाबी येतील म्हनून घर तयार ठिवतो. गाद्या सुकवतो, पानी गरम ठिवतो. आता त्यांना दिसतंय म्हनल्यावर व्हरांड्यातला दिवापन लावला, हालमधला बी. म्हनलं, बघत्याल तरी, घर जागं हाय."

अरफाला सगळं एकदम कळलं, आणि त्या कळण्याला आता काही किंमत उरली नव्हती.

सत्यम रज्जाककडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई जाऊन दीड वर्ष झालं."

रज्जाकने एकदा अरफाकडे बघितलं, एकदा प्रतीक्षा मॅडमकडे, कुणीतरी हे खोटं आहे म्हणेल म्हणून.

"आई गेली हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी खरं मानू?" सत्यम म्हणाला. "दीड वर्ष?"

आता ऐका, हे कसं झालं ते. बाई गेल्या तेव्हा सत्यमला वाटलं, कंपनी राखणदाराला सांगेल. कंपनीला वाटलं, घरच्यांची आणि राखणदाराची जुनी ओळख, त्यांनीच सांगितलं असेल. ऑफिसात बाईंचं नाव खोडून सत्यमचं नाव घातलं गेलं, आणि त्या बदललेल्या नावावरून अरफाची नजर स्वतः ॲप करताना कितीदा गेली होती. तिला वाटलं, बाईंनी हयातीतच मुलाच्या नावावर केलं असेल. एका म्हाताऱ्या बाईच्या मरणाची बातमी पुण्याहून मळवलीला, तासाभराच्या वाटेवर, पोचली नाही. माणसाची एवढीही किंमत नसते का कुणाला? रज्जाक दीड वर्ष मेलेल्या बाईंसाठी पाणी गरम करत होता, आणि ज्यांना ठाऊक होतं ते त्यालाच चोर ठरवायला आले होते.

रज्जाक वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. सत्यमच्या हातात दिला नाही. मग त्याने विचारलं, "लय त्रास झाला का बाईंना?"

सत्यमने मान वळवली. रज्जाक आउटहाउसाकडे गेला. अरफा मागे धावली, अब्बा, अब्बा म्हणत. तो एवढंच म्हणाला की तू जा, तुजी गाडी थांबलीये. दुसऱ्या दिवशी तो आंबीला बहिणीकडे निघून गेला. गावात विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. पोरीचं नाव, ॲपचं नाव त्याने काढलं नाही.

अरफा ऑफिसात गेली आणि मग तिने ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डब्या नुसती घराची वीज मोजत नव्हत्या; पाण्याच्या मोटारीचीही मोजत होत्या, मोटारी जळतात म्हणून. ती रेघ त्याच डेटाबेसात, दुसऱ्या तक्त्यात, निमूट पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिने ती रेघ पट्ट्यांखाली काढली. महिन्यामागून महिने, शुक्रवार-शनिवार, पागोळीची मोटर सुरूच झालेली नव्हती. टोळकं उतरलं असतं तर अंघोळ केली नसती? संडासाला गेलं नसतं? दिवे लागत होते, पाणी तापत होतं, आणि ते कुणी अंगावर घेत नव्हतं. रविवारी सगळं बंद व्हायचं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

हे बघायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. बापावर संशय घेण्यात तिने दोन आठवडे घालवले होते. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग डोळे धुऊन बाहेर आली आणि सत्यमला ते पान पाठवलं.

माणूस वाईट नव्हता. त्याचा फोन लगेच आला. आधी अरफाला, मग आंबीला रज्जाकला. अरफाच्या आत्याने नंतर सांगितलं की तो फोनवर खूप वेळ बोलला, चुकलो म्हणाला, परत या म्हणाला. आईच्या शेवटच्या दिवसांचं सगळं सांगितलं. शेवटी शेवटी ती पुण्यातल्या घरालाच मळवली समजायची आणि रज्जाकभाऊला चहा सांगा म्हणायची, तेही सांगितलं. रज्जाक हं हं करत ऐकत होता. तुमी मनाला लावून घेऊ नका साहेब, एवढं बोलून त्याने फोन बहिणीकडे दिला.

मंगळवारी अरफा आंबीला गेली. आत्या कारखान्यात कामावर गेली होती. रज्जाक ओट्यावर बसून भेंडी चिरत होता. एका आठवड्यात तो म्हातारा झाला होता. दाढी वाढली होती. तिने त्याच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली आणि स्वतः चिरायला बसली. चिरता चिरता सगळं सांगितलं. सत्यमसाहेब स्वतः न्यायला येतो म्हणतात. प्रतीक्षा मॅडमनी सगळ्यांसमोर माफी मागितली. पागोळीचे लाल दिवस मी काढून टाकले, अब्बा, आता सगळे हिरवे दिसतात. सगळ्यांना कळलंय. चला ना परत.

रज्जाकने भेंडीची देठं गोळा करून बाजूला ठेवली. शेळीला होतील म्हणाला. मग त्याने रस्त्याकडे बघितलं. कारखान्याच्या बस जात होत्या.

"एक इचारू?" तो म्हणाला. पोरीला प्रश्न विचारायची परवानगी तो मागत होता. तिने मान हलवली.

"तुला लाल दिसलं आदी. त्यांच्या आदी. मंगळवारी आली तवा दिसलेलं व्हतं ना?"

"हो."

"तवा तुला काय वाटलं?"

काहीही सांगता आलं असतं. मशीन बिघडलं असं वाटलं, म्हणता आलं असतं. तो ते मानूनही बसला असता, मुकाट, सुखाने. पण अरफा बापाशी आजवर खोटं बोलली नव्हती आणि ते तिला याच माणसाने शिकवलं होतं.

"वाटलं, अब्बा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही पोरं उतरवता."

रज्जाकने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिने त्याचे पाय धरले असते, काहीतरी करता आलं असतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात दुखावलेलं असं काही नव्हतं. खूप दिवस अडलेला हिशेब एकदाचा लागावा, तसा त्याचा चेहरा झाला.

"मग त्येंचं काय चुकलं गं, बाळा?" तो म्हणाला. "त्ये तर परके."

अरफाचा हात विळीवर थांबला. परत चला, हे शब्द तिला पुन्हा उच्चारता आले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

रज्जाक उठला. गुडघे त्याचे खरोखरच दुखत होते. त्याने आत जाऊन चुलीवर तवा ठेवला आणि आतूनच तिला हाक मारली, भेंडी आन, उशीर झाला तर तुजी गाडी चुकंल. ती भेंडी घेऊन आत गेली. दोघं जेवली. तिच्या ताटात त्याने दुसरी भाकरी न विचारता वाढली, आणि ती तिने खाल्ली.